मुदत संपली म्हणजे लवाद संपला का?

(सांगलीत हळद-बेदाणा व्यापाऱ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सौद्याच्या करारात खाली बारीक अक्षरात ‘वाद झाल्यास लवादाकडे’ असं छापलेलं असतं. लवाद म्हणजे कोर्टाऐवजी वाद सोडवणारा पंच, आणि त्याच्यापुढे चालणारं कामही. सही करताना ते कलम कुणी वाचत नाही, हे मी धरूनच चालतो. वाद पेटला की मात्र पहिलं भांडण लवादाच्या निवाड्याच्या मुदतीवरून.

१९४०च्या लवाद कायद्यात निवाड्याला चार महिने होते, कोर्ट ते वाढवून देई. १९९६च्या कायद्याने मुदतच काढून टाकली. मग लवादातही तारखा पडायला लागल्या, म्हणून २०१५ साली कलम २९-अ आलं: बारा महिन्यांत निवाडा. २०१९च्या दुरुस्तीपासून हे बारा महिने दावा-कैफियत, म्हणजे दोन्ही बाजूंची लेखी मांडणी, पूर्ण झाल्यापासून मोजतात. ते काम लवादाला नेमणुकीची नोटीस मिळाल्यापासून सहा महिन्यांत उरकायचं. हळद परदेशी पाठवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाला ही सक्ती नाही. तिथे ‘शक्यतो’ बारा महिने.

घोळ होतो तो मोजणीत. समजा, कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा काळा पडला. मालकाने दावा दिला, स्टोरेजवाल्याने कैफियत, वर थकलेल्या भाड्याचा प्रतिदावा, त्यावर पुन्हा उत्तर. हे सगळं नेमकं कधी पुरं झालं? वर्षभराने दोन वकील दोन तारखा सांगतात. तेव्हा त्याच दिवशी रोजनाम्यात, म्हणजे लवादाच्या कामकाजाच्या नोंदवहीत, ओळ घालून घ्या: ‘आज उभय पक्षांचे दावा-कैफियतीचे काम पूर्ण.’ खाली दोघांच्या सह्या.

बारा महिने पुरले नाहीत तर दोघांच्या संमतीने आणखी सहा मिळतात. पण ज्याला पैसे द्यायचेत तो कशाला संमती देईल? मग उरतं कोर्ट: तिथे मुदतवाढीचा अर्ज करायचा.

मुदत उलटल्यावर हा अर्ज चालतो का, यावर हायकोर्टांत एकमत नव्हतं. १२ सप्टेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टाने रोहन बिल्डर्स विरुद्ध बर्जर पेंट्स या प्रकरणात सांगितलं, की चालतो. ‘मुदत गेली, आता घरी जा’ हा डाव त्यामुळे बराचसा बोथट झाला. चांगलं झालं. पण आमच्या वकीलमंडळींत तेव्हापासून जरा सैलपणाही आलाय, हे मला खटकतं. मुदतवाढ हक्काची नाही, पुरेसं कारण दाखवावं लागतं. आणि कारण पाहायला कोर्ट रोजनामाच उघडतं. तारखा कोणी मागितल्या, साक्षीदार कोणाचा आला नाही, सगळं त्यात असतं. वेळकाढू पक्षावर खर्च बसू शकतो. दिरंगाई लवादाची असेल तर त्याची फी दर महिन्याला ५ टक्क्यांपर्यंत कापता येते; लवाद बदलताही येतो. नवा लवाद जुन्या पुराव्यावरूनच पुढे जातो, पहिल्यापासून सुरुवात नाही.

विरुद्ध पक्षाला नोटीस गेल्यापासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करावा, असं कायदा म्हणतो. अर्ज प्रलंबित असेतोवर लवादाचा अधिकार टिकतो. म्हणून शेवटचा महिना लागला की समोरच्याच्या सहीची वाट बघत बसू नका, अर्ज टाका.