ऊन पडल्यावर बसणारी घरं

ऑगस्ट २०१९. वेदगंगेचं पाणी निपाणीलगत, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूरू वाहतूक थांबली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळा बातमी झाली रस्त्याची. भोज, कारदगा, सदलगा या वेदगंगा-दूधगंगेच्या काठावरच्या गावांचं काम त्यानंतर सुरू झालं.

मातीची भिंत पुरात तग धरते आणि दोन दिवस ऊन पडलं की बसते. पाणी असेपर्यंत आतून-बाहेरून दाब सारखा असतो. पाणी उतरलं की तो आधार जातो. खाली राहते भिजून मऊ झालेली भिंत, आणि वर कौलं. मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. म्हणजे दोनशे चौरस फुटांच्या खोलीवर सहा-सातशे किलो, वासे-रिपा वेगळ्याच.

म्हणून आधी बाहेरून टेकू द्यायचे, मग कौलं उतरवायची. आढ्याकडून खाली, दोन्ही पाख्यांवर बरोबरीनं. एकच पाखं मोकळं केलं तर छप्पर दुसऱ्या अंगाला कलतं. भिंतीच्या आडोशाला कुणी बसायचं नाही. या आठवड्यात रोजगारी माणूस मिळत नाही, कारण अख्ख्या गावाला एकदमच हवा असतो. पैरा करावा लागतो: आज सहा माणसं तुमच्याकडे, उद्या तीच शेजाऱ्याकडे.

पण कौलाला हात लावण्याआधी फोटो काढा. घर चारी बाजूंनी, शिवाय पाण्याची खूण दिसेल असा एक. २०१९ मध्ये सरकारी मदतीत पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख आणि थोड्या पडझडीला ५० हजार असे गट होते. ढिगारा आधीच उचलला, तर गट ठरवायला पुरावा उरत नाही. अर्ज आणि पंचनामा कन्नडमध्ये असतो. सही करण्याआधी तो कन्नड शाळेत शिकलेल्या पोराकडून किंवा शेजारच्या कन्नड घरातून वाचून घ्या. गटाचा रकाना तर दोनदा.

गाळ ओला असतानाच ओढायचा. वाळला की पहारीनं काढावा लागतो.

विहीर उपसून पुन्हा भरू द्या. तीन मीटर व्यास, चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या नेहमीच्या हिशेबानं सत्तर ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडा आणि तासभर थांबा. उघड्या पोत्यातली जुनी पावडर घेऊ नका, तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो.

घरबांधणीचा पैसा हप्त्यानं येतो, टप्प्याचा फोटो गेल्यावर. पहिला हप्ता घरखर्चात गेला की पाया जोत्यावरच अडकतो आणि पुढचे पैसेही. चार घरांनी पाये एकदम धरले, तर मिक्सर-सेंट्रिंगचं भाडं वाटून जातं, आणि फोटोला येणारा माणूस चारही घरं एका फेरीत उरकतो.