औषधाच्या खिडकीआडून दिसणारी रांग

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारी दवाखान्यातल्या रांगेविषयी डॉक्टर बोलतात, पेशंट तर बोलतातच. मी बोलणार आहे औषधाच्या खिडकीआडून. एका जिल्हा रुग्णालयात फार्मासिस्ट म्हणून माझी नोकरी गोळ्या मोजण्यात गेली. केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, रक्त-लघवीची रांग, रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टर, आणि सगळ्यात शेवटी आम्ही. त्यामुळे आधीच्या चार ठिकाणी गिळलेला राग आमच्या खिडकीवर निघायचा.

अशाच एका भांडणानंतर आम्ही ठरवलं, आठवडाभर प्रत्येक टेबलावर केसपेपरच्या मागे नुसती वेळ लिहायची. सिस्टर कुरकुरल्या, वॉर्डातले मामा निम्म्या वेळा विसरले, तरी बरेच कागद जमले. त्यातला एक अजून डोळ्यांपुढे आहे. सत्तरीच्या आजी, बीपीच्या गोळ्या न्यायला आलेल्या. फाटकात पावणेआठ. केसपेपर हातात पडला सव्वानऊला. डॉक्टरांपुढे अकरा वाजून दहा मिनिटांनी, आणि अकरा वाजून बारा मिनिटांनी बाहेर. माझ्या खिडकीवर साडेबारा. म्हणजे पावणेपाच तासांत डॉक्टरांच्या वाट्याची मिनिटं दोन.

त्या दोन मिनिटांवरून डॉक्टरांना बोल लावू नका. 67 देशांतल्या तपासणीच्या वेळांचा आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. बांगलादेशात एका पेशंटला सरासरी 48 सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. आपला देश दोन मिनिटांच्या आसपास. डॉक्टर वाढायला हवेत यात वादच नाही. पण आजींचे उरलेले जवळजवळ पावणेपाच तास नवा डॉक्टर आला म्हणून आपोआप वाचत नाहीत.

आता मुळात आजी पावणेआठला का आल्या? कारण गावातली मुक्कामी एसटी पहाटे सुटते. ती चुकली की पुढची गाडी दुपारी. त्यांना दुसरा पर्यायच नव्हता. पण त्यांच्याच पुढेमागे शहरातली माणसं उभी होती, दहा मिनिटांवर राहणारी. त्यांना विचारलं, एवढ्या लवकर कशाला आलात? तर म्हणे, उशीर झाला की नंबर लागत नाही. म्हणून सगळेच लवकर येतात आणि सगळे लवकर आले की खरंच नंबर लागत नाही! साडेआठला व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि साडेबाराला त्याच व्हरांड्यात मावशी निवांत पुसत असतात.

या दुखण्यावर इंग्लंडमध्ये नॉर्मन बेली नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने 1952 साली आकडेमोड करून ठेवली आहे. डॉक्टरांचं एक मिनिट फुकट जाऊ नये म्हणून आपण पेशंटचे तास फुकट घालवतो, असं त्याला दिसलं. त्याचा तोडगा साधा: सुरुवातीला दोघांना बोलवा, मग एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने एकेकाला. अट एकच, डॉक्टरांनी वेळेवर बसलं पाहिजे. आमच्याकडे वॉर्डातला राउंड लांबला की नऊची ओपीडी दहाला सुरू व्हायची, आणि तो एक तास दुपारपर्यंत कुणालाच भरून काढता यायचा नाही.

मिनिटामिनिटाची वेळ देणं आपल्याकडे चालणार नाही, एसटी ते चालू देणार नाही. पण एवढं नक्की जमतं: पहिले दोन तास गावाहून आलेल्यांचे आणि उपाशीपोटी रक्त द्यायचं असलेल्यांचे, अकरानंतरचे नंबर शहरवाल्यांचे. नंबर राखून ठेवला आहे याची खात्री पटली, तर शहरातला माणूस आठला येणार नाही.

मोबाईलवरून क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घ्यायची सोय ऑक्टोबर 2022 पासून सुरू झाली. आभा, म्हणजे सरकारचा डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांक असला की नाव-गाव पुन्हा सांगावं लागत नाही. सोय चांगलीच आहे. फक्त तिने पहिली खिडकी मोकळी होते आणि तीच माणसं डॉक्टरांच्या दाराशी अर्धा तास आधी पोचतात. शिवाय आजींचा फोन नातवाकडे, आणि नातू पुण्याला.

आता आमची चूक सांगतो. बीपी, शुगरच्या गोळ्या आम्ही सात दिवसांच्याच द्यायचो. साठा पुरवून वापरावा, ही आम्हा फार्मसीवाल्यांची जुनी सवय. पण त्यामुळे त्याच आजी महिन्यातून चार वेळा रांगेत. तब्येतीत काही बदल नाही, गोळी तीच, डोस तोच, तरी चार केसपेपर. गर्दी फार म्हणून आम्हीच बोंब मारायचो आणि त्या गर्दीला खतपाणीही आम्हीच घालायचो.

नोव्हेंबर 2017 मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रही होता. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे बीपी आटोक्यात असलेल्याला 30 दिवसांच्या गोळ्या, आणि त्याही शक्यतो घराजवळच्या केंद्रावर. ठरलेलीच औषधं सगळीकडे वापरली, की महिन्याला किती लागतील याचा अंदाज आधी बांधता येतो आणि साठा संपण्याची धास्ती कमी होते. आम्ही तीस दिवसांच्या गोळ्या द्यायला लागलो तेव्हा पहिला महिना माझी झोप उडाली होती, कपाट रिकामं दिसायचं. दुसऱ्या महिन्यापासून खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत जाईनाशी झाली.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर जवळच्या उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात विचारून पाहा, तिथे बीपी मोजून गोळ्या मिळतात का. दवाखान्यात यायचंच असेल, तर जुना केसपेपर आणि संपत आलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. "ती पांढरी, छोटी गोळी" एवढ्यावरून औषध शोधायला मला फार वेळ लागायचा, आणि मागची माणसं उभीच असायची. पांढऱ्या, छोट्या गोळ्या आमच्याकडे पुष्कळ होत्या.