पगाराच्या थैल्या वाहणारं विमान

(दृश्य: मॉन्तेरे शहर, सकाळची वेळ. मागे डोंगर, पुढे बाग.)

ही गोष्ट मेक्सिकोतल्या बंद पडलेल्या कंपन्यांची. सुरुवात उत्तर मेक्सिकोतल्या मॉन्तेरे शहरातून. मागे दिसतोय तो सेर्रो दे ला सिया, म्हणजे खोगिराचा डोंगर. आकार बघितला की नाव लगेच पटतं. आणि अलीकडे, झाडांच्या वर डोकं काढून उभी असलेली ही गंजक्या रंगाची अवाढव्य आकृती म्हणजे पोलाद कारखान्याची झोतभट्टी. तिच्यात आता विस्तव नाही. पायथ्याशी मुलं सायकली फिरवतात, रविवारी इथे सहलीला आलेल्या कुटुंबांची गर्दी असते.

हा कारखाना म्हणजे फुंदिदोरा दे मॉन्तेरे. स्थापना 1900 सालची. 1903 मध्ये पहिली भट्टी पेटली. खनिजापासून तयार पोलादापर्यंत सगळं एकाच आवारात करणारा लॅटिन अमेरिकेतला हा पहिला कारखाना. लोहखनिज यायचं दुरांगोच्या सेर्रो देल मेर्कादो या डोंगरातून, कोळसा शेजारच्या कोआविला राज्यातून. भट्टीत वरून खनिज, कोक (म्हणजे भाजलेला कोळसा) आणि चुनखडी टाकायची, खालून तापलेल्या हवेचा झोत सोडायचा. तळाशी रस साचला की भट्टीचं तोंड फोडायचं. मळी, म्हणजे खनिजातला टाकाऊ भाग, एका पाटाने वाहायची, लोखंड दुसऱ्या. त्याच लोखंडातून मेक्सिकोच्या रेल्वेचे रूळ घडले.

कारखान्याने कामगारांसाठी वसाहत बांधली. तिचं नाव कोलोनिया आसेरो, म्हणजे पोलाद वसाहत. मुलांसाठी शाळाही काढल्या. घर, शाळा आणि रोजगार या तिन्ही गोष्टी एकाच धुराड्याच्या सावलीत असल्या की त्या धुराड्याशी माणसाचं नातं नुसत्या नोकरीचं राहत नाही. म्हणून पुढे जे झालं ते इतकं जिव्हारी लागलं.

1977 मध्ये कारखाना सरकारच्या ताब्यात गेला. 1982 मध्ये परदेशी कर्ज फेडणं जमणार नाही असं मेक्सिकोने जाहीर केलं, आणि देशाचं सगळं गणित कोलमडलं. मे 1986 मध्ये फुंदिदोरा दिवाळखोरीत निघाली. मेक्सिकोत 10 मे हा मातृदिन, घराघरात साजरा होणारा. त्याच सुमाराला हजारो कामगारांसाठी कारखान्याचे दरवाजे कायमचे बंद झाले. तीन आठवड्यांनी, 31 मे रोजी, मेक्सिकोत फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला. आपल्याकडे तो मॅराडोनाचा विश्वचषक म्हणून आठवतात. त्याचे काही सामने याच मॉन्तेरेत झाले. सगळं जग या शहराकडे बघत होतं, आणि शहरातल्या कितीतरी घरांत नुकताच पगार थांबला होता.

(दृश्य: भट्टी क्रमांक 3, खालून वर.)

ही भट्टी क्रमांक 3. ती 1968 साली सुरू झाली, म्हणजे विझली तेव्हा जेमतेम 18 वर्षांची होती. बंद कारखान्याची यंत्रं सहसा भंगाराच्या भावात जातात. इथलीही बरीच गेली. पण ही भट्टी राहिली. 2001 मध्ये या जागेवर बाग खुली झाली, आणि 2007 मध्ये भट्टीच्या पोटात पोलादाचं संग्रहालय सुरू झालं. प्रकाश, धूर आणि ठिणग्यांच्या खेळातून लोखंडाचा रस बाहेर येण्याचा क्षण तिथे पुन्हा उभा करतात. भट्टी वाचवली हे फार मोठं काम झालं, यात मला शंका नाही. मॉन्तेरेची नवी पिढी निदान मान वर करून विचारू तरी शकते, हे काय होतं म्हणून.

सगळ्याच कंपन्यांच्या वाट्याला असं स्मारक आलं नाही. मेक्सिकोच्या राष्ट्रीय रेल्वेच्या प्रवासी गाड्या विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ सगळ्या बंद पडल्या. कितीतरी गावांत स्टेशनची इमारत आहे, गाडी नाही. बँकोमेर या बँकेची पाटी 2019 मध्ये उतरली आणि तिथे स्पॅनिश मालकाचं नाव एकटं उरलं.

आणि कोमेर्सियाल मेहिकाना! 1930 साली मेक्सिको सिटीत कापडाचं दुकान म्हणून सुरुवात, आणि 1962 पासून सुपरमार्केट. पाटीवर पेलिकन पक्षी. लोक लाडाने नुसतं 'ला कोमेर' म्हणत. स्पॅनिशमध्ये 'कोमेर' म्हणजे खाणं, त्यामुळे हे नाव जिभेवर बसायला वेळ लागला नाही. जाहिरात विचारायची, "सुपरमार्केटला चाललात, की कोमेरला?" म्हणजे बाकीची सगळी दुकानं एकीकडे, आणि आमचं दुकान एकीकडे. दर उन्हाळ्यात 'हुलिओ रेगालादो' यायचा. हुलिओ म्हणजे जुलै महिना आणि हुलिओ हे माणसाचंही नाव. रेगालादो म्हणजे फुकटात दिल्यासारखं स्वस्त. महिन्याच्या सवलतीचा त्यांनी चक्क एक माणूस करून टाकला होता.

2008 च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोचा पेसो घसरला. कंपनीने चलनाच्या वायद्यांत, म्हणजे पेसोच्या पुढच्या भावावर, मोठे व्यवहार केले होते, ते उलटले. साखर, साबण आणि टोमॅटो विकून कमावलेलं एका फटक्यात कर्जाखाली गेलं. पुढे सोरियाना या प्रतिस्पर्धी साखळीने तिची बहुतेक दुकानं विकत घेतली. मूळ घराण्याकडे थोडी दुकानं राहिली, ती आज 'ला कोमेर' याच नावाने चालतात. हुलिओ रेगालादो मात्र सोरियानाकडे गेला.

(दृश्य: जुन्या विमानांची छायाचित्रं.)

पण मेक्सिकोत 'गेलेल्या कंपन्या' असा विषय निघाला की एक नाव सगळ्यात आधी निघतं. मेहिकाना. मेहिकाना दे आवियासिऑन. 1921 साली सुरू झालेली, जगातल्या सगळ्यात जुन्या विमान कंपन्यांपैकी एक.

तिची सुरुवातीची कामगिरी विलक्षण आहे. मेक्सिकोच्या आखातावरच्या ताम्पिको बंदराच्या आसपास तेलाच्या विहिरी होत्या आणि तिथल्या कामगारांचा पगार रोखीने पोचवावा लागायचा. देश नुकताच क्रांतीतून बाहेर आलेला, वाटेत लुटारूंची भीती. मग पगाराच्या थैल्या विमानाने जाऊ लागल्या. कष्टकऱ्याचा पगार सुखरूप त्याच्या हातात पडावा, या गरजेतून ही कंपनी वाढली. पुढचं ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

1929 मध्ये ती अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम या विमान कंपनीकडे गेली, नंतर मेक्सिकन मालकांकडे आली, 1982 मध्ये सरकारकडे आणि 2005 मध्ये एका हॉटेल समूहाकडे. नव्वदच्या दशकात तिच्या विमानांच्या शेपट्या वेगवेगळ्या रंगांच्या होत्या, त्यांवर प्राचीन मेक्सिकन नक्षी. धावपट्टीवर ती विमानं रांगेने उभी राहिली की गावातली जत्रा भरल्यासारखं दिसत असणार.

2009 मध्ये मेक्सिकोत स्वाइन फ्लूची साथ आली आणि प्रवासी आटले. कर्ज होतंच. ऑगस्ट 2010 च्या सुरुवातीला कंपनीने कर्ज देणाऱ्यांपासून न्यायालयाकडे संरक्षण मागितलं, आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला दुपारी उड्डाणं थांबली. वय 89 वर्षं. वैमानिक, हवाईसुंदरी, तंत्रज्ञ, सामान चढवणारे, असे 8,000हून अधिक लोक घरी बसले. पगार थकले, निवृत्तिवेतनं अडकली.

त्यांनी हार मानली नाही. माजी कर्मचाऱ्यांनी मेक्सिको सिटीच्या विमानतळावर, टर्मिनल 1 मध्ये, ठिय्या दिला. एक-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षं. ज्या इमारतीतून आयुष्यभर विमानं सोडली, तिथेच बसून आपल्या घामाचे पैसे मागायचे. 2014 मध्ये न्यायालयाने कंपनी दिवाळखोर घोषित केली, तरी लोक हटले नाहीत. हे असं बसून राहणं मला या साऱ्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वाटतं. विमानांवर, रंगांवर, जुन्या आठवणींवर प्रेम करणारे पुष्कळ भेटतात. ही माणसं त्या नावावरचा आपला हक्क सांभाळत होती.

शेवटी मेक्सिकोच्या सरकारने 'मेहिकाना' हे नाव आणि कंपनीच्या काही मालमत्ता 81.5 कोटी पेसोंना विकत घेतल्या. ते पैसे 7,000हून अधिक माजी कर्मचाऱ्यांच्या वाट्याला यायचे होते. थकलेल्या रकमेच्या मानाने थोडे. आणि तोवर त्यांतले कित्येक जण हयातही नव्हते.

(दृश्य: फेलिपे आंखेलेस विमानतळ, पहाट.)

26 डिसेंबर 2023. मेक्सिको सिटीजवळचा फेलिपे आंखेलेस विमानतळ. लष्कराच्या हाती सोपवलेल्या नव्या सरकारी कंपनीचं पहिलं विमान तुलुमला निघालं. अंगावर तेच नाव, मेहिकाना. तुलुमला हवा खराब होती, म्हणून ते आधी मेरिदाला उतरलं. प्रवासी थांबले. हवा निवळली, आणि विमान पुढे निघालं.