आधी पू, मग रक्त

श्रोतेहो, नमस्कार.

पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजला आहे, अंगात ताप आहे आणि रुग्णाला वॉर्डात दाखल करून घेतले आहे, अशा वेळी नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'डॉक्टर, रक्त तपासले का?' रक्त तपासले जातेच. पांढऱ्या पेशी, साखर आणि मूत्रपिंडाचे काम पाहावेच लागते. मला आज बोलायचे आहे ते रक्ताच्या कल्चरविषयी, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का हे पाहणाऱ्या तपासणीविषयी. त्वचेच्या जंतुसंसर्गात ही तपासणी सरसकट करू नये, आणि जेथे पू आहे तेथे आधी पू तपासावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पू तपासण्याची एक हकिगत मला फार प्रिय आहे. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरात अलेक्झांडर ऑग्स्टन नावाचे शल्यचिकित्सक होते. शस्त्रक्रियेची जखम पिकायचीच, असे धरून चालण्याचा तो काळ. पू होणे हे जखम भरू लागल्याचे लक्षण मानणारेही पुष्कळ होते. ऑग्स्टन यांनी एका रुग्णाच्या पायातील गळवाचा पू घेतला, त्यावर जांभळा रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गोल गोल जंतूंचे पुंजके आणि माळा त्यांना दिसल्या. पुढे ब्रिटिश वैद्यक संघटनेने त्यांना ५० पौंडांचे अनुदान दिले, त्यातून चांगला सूक्ष्मदर्शक आला आणि घराच्या मागील बाजूस प्रयोगशाळा उभी राहिली. (आज वातानुकूलित प्रयोगशाळेवाचून संशोधन अडले म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम ऐकवतो.) जंतू वाढवण्यासाठी त्यांनी चक्क कोंबडीची ताजी अंडी वापरली. पू प्राण्यांना टोचला की तेथे गळू होई. तोच पू आधी तापवला किंवा त्यात कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक मिसळले, तर गळू होत नसे. म्हणजे गळवाचे कारण त्या जंतूंतच होते. एप्रिल १८८० मध्ये बर्लिन येथील शल्यचिकित्सकांच्या परिषदेत त्यांनी हे मांडले, आणि पुंजक्याने राहणाऱ्या त्या जंतूला १८८२ मध्ये स्टॅफिलोकोकस हे नाव दिले. आपल्या करटात आणि गळवात आजही बहुधा हाच जंतू सापडतो, आणि तो पुवात सापडतो, हे लक्षात ठेवावे. असे असूनही पुष्कळदा गळू कापल्यावर पू बोळ्याने पुसून बादलीत जातो आणि तपासणीला मात्र रक्त जाते, याचा मला मनापासून राग येतो.

सेल्युलायटिसमध्ये, म्हणजे त्वचेखाली पसरणाऱ्या संसर्गात, जंतू बहुतेक वेळा तेथेच राहतात. रक्तात क्वचितच उतरतात. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की अशा रुग्णांत रक्ताचे कल्चर शंभरात पाच किंवा त्याहूनही कमी जणांत काही दाखवते. इस्रायलमधील डॉक्टरांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५५३ रुग्णांचे रक्त तपासले होते. खरा जंतू ११ जणांत मिळाला, आणि २० जणांत जे वाढले ते रक्त काढताना सुईबरोबर आलेले त्वचेवरचेच जंतू होते. खोट्यांची संख्या खऱ्यांहून जास्त! अशा रिपोर्टापायी रुग्णाला नको ती इंजेक्शने मिळतात आणि घरी जाणेही लांबते.

मग रक्ताचे कल्चर कोणाचे करावे? केमोथेरपी चालू असलेल्यांचे, पांढऱ्या पेशी फार घटलेल्यांचे, प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्यांचे, जनावर चावलेल्यांचे, नदीत, तळ्यात किंवा समुद्रात जखम झालेल्यांचे. शिवाय ज्यांना हुडहुडी भरली आहे आणि रक्तदाब उतरत आहे त्यांचे तर तातडीने. या रुग्णांत टाळाटाळ नको.

आणि करायचेच ठरले, तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी, त्वचा नीट निर्जंतुक करून, दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घ्यावे. परिचारिका दुसऱ्या हाताला सुई लावू लागली की नातेवाईक तिच्यावर चिडतात; परंतु दोन्ही नमुन्यांत एकच जंतू वाढला तर तो बहुधा रक्तातला, आणि त्वचेवरचा नेहमीचा जंतू एकाच नमुन्यात वाढला तर तो बहुधा सुईबरोबर आलेला, हा भेद तिच्या त्या दुसऱ्या टोचण्यामुळेच करता येतो.