‘ईएफ ६० टक्के’च्या खालच्या ओळी

मंडळी, बीपीच्या माणसाचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला की घरी एकच आकडा सांगितला जातो: ‘ईएफ ६० टक्के, नॉर्मल.’ आज बोलायचं आहे ते रिपोर्टातल्या त्या आकड्याखालच्या ओळींबद्दल. वाढलेल्या दाबाने हृदयाचं काम बिघडू लागतं, ते आधी तिथे दिसतं.

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडलं, ते ईएफ. भिंतीच्या आतल्या थरातले स्नायूंचे धागे उभे असतात, टोकापासून झडपेपर्यंत; मधल्या थरातले गोल, कड्यासारखे. दाबाचा ताण आतल्या थरावर सर्वांत जास्त, आणि रक्तपुरवठा बाहेरून आत येत असल्याने त्याला तो शेवटी मिळतो. म्हणून हे उभे धागे आधी थकतात. गोल धागे त्यांची कसर भरून काढतात, भिंत जाड होते आणि ईएफ वर्षानुवर्षं ६०च राहतं. ताठ झालेली भिंत मात्र पटकन सैल पडत नाही. श्रम केले की दाब मागे फुप्फुसांकडे चढतो, पाखाडी चढताना धाप लागते आणि घरचे म्हणतात, ‘आता वय झालं.’

ईसीजी गावातही निघतो, जरूर काढावा. पण भिंत जाड असूनही तो साफ येणं नेहमीचंच आहे, त्यावर निर्धास्त राहू नये.

त्या ओळींतली पहिली टिश्यू डॉप्लरची; इकोमध्ये स्नायूच्या हालचालीचा वेग यानेच मोजतात. डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेचं कडं ठोक्यागणिक खालीवर होताना स्क्रीनवर दिसतं. हृदय सैल पडताना ते टोकापासून दूर जातं, त्या वेगाला ई-प्राइम म्हणतात. मधल्या पडद्याकडे तो सेकंदाला ७ सेंटीमीटरच्या खाली, बाहेरच्या भिंतीकडे १०च्या खाली आला, तर स्नायू सावकाश सैल पडतो आहे. कर्सर, म्हणजे स्क्रीनवरची मोजणीची रेघ, कड्याच्या हालचालीला तिरका पडला, तर वेग खोटाच कमी येतो. खालच्या कप्प्यात रक्त आधी आपसूक शिरतं तो वेग ई, नंतर वरचा कप्पा आकुंचन पावून ढकलतो तो ए; नुसतं हे ई-ए गुणोत्तर पाहणं पुरेसं नाही: सुरुवातीला ते घटतं, पुढे डाव्या वरच्या कप्प्यातला दाब वाढला की पुन्हा नॉर्मलसारखं दिसतं. ही फसवणूक ई-प्राइमने पकडता येते. उलट, साठीनंतर वयानेही ई-ए उतरतं, त्यामुळे ‘ग्रेड १’ (सैल पडण्यातल्या बिघाडाची पहिली पायरी) एवढंच वाचून घाबरू नये.

दुसरी ओळ स्ट्रेनची. आकुंचनात हृदयाची भिंत उभ्या दिशेने किती टक्के आखूड होते, ते यात मोजतात. निरोगी माणसात साधारण उणे २०. उणे चिन्हाने गोंधळू नका: उणे २० चांगलं, उणे १५ वाईट. यासाठी टोकाकडून घेतलेली तीन दृश्यं लागतात. दृश्यात टोक कापलं गेलं, किंवा मशीन स्नायूवर आखतं ती रेघ स्नायूवरून सरकून बाहेरच्या आवरणावर गेली, तर आकडा निरर्थक ठरतो. तपासणीच्या वेळी बीपी १८० असेल, तर त्या ताणानेच स्ट्रेन बिघडलेला दिसतो. म्हणून रिपोर्टवर त्या क्षणाचं बीपी लिहिलेलं हवंच.

ते बीपीही नीट मोजलेलं हवं. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यावं. पाच मिनिटं शांत, पाठ टेकून, पाय जमिनीवर. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीत. हात १० सेंटीमीटर खाली लोंबला तर दाब ७-८ने जास्त दिसतो. मोजताना बोलायचं नाही, ही आपल्याकडे सगळ्यांत जास्त मोडली जाणारी अट आहे.

मिठाचं थोडक्यात सांगतो. दिवसाला जास्तीत जास्त ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात खारा बांगडा, लोणचं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), पापड सगळं धरायचं.

आपल्याकडचे बरेच जण इकोसाठी कधी रत्नागिरी, कधी कोल्हापूर, कधी मुंबई गाठतात. दर वेळी मशीन वेगळं असतं, आणि वेगळ्या कंपनीच्या मशीनवरचा स्ट्रेन जुन्या आकड्याशी ताडता येत नाही. जमेल तर पुढचा इको त्याच जागी करा. जुना रिपोर्ट आणि घरच्या बीपीची वही सोबत न्या, आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर सकाळची गोळी चुकवू नका.