पाचव्या दिवशी नाहीसे होणारे ठिपके

मित्रहो, खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारा सर्वांत जास्त फसतो तो अंगावरचे पांढरे ठिपके आपोआप नाहीसे होतात तेव्हा. माझा पहिला निळा टँग मासा मी असाच गमावला. रविवारी त्याच्या परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, गुरुवारी ते गेले आणि मी औषध बंद केले. पुढच्या आठवड्यात ते कितीतरी वाढून परतले, तेव्हा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होता.

हे ठिपके पाडणाऱ्या परजीवीला 1951 साली क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव मिळाले. हा एकपेशीय जीव माशाच्या त्वचेत आणि कल्ल्यांत 3 ते 7 दिवस पोसला जातो, मग मासा सोडून तळाशी उतरतो, वाळूला किंवा दगडाला चिकटून स्वतःभोवती कवच तयार करतो आणि आत विभागत राहतो. कवचातून बाहेर पडलेल्या पिलांना सुमारे एका दिवसात मासा गाठावा लागतो. औषध लागू पडते ते याच पोहणाऱ्या पिलांवर. एरवी परजीवीला माशाची त्वचा तरी झाकते, नाहीतर त्याचे कवच तरी.

निदान मात्र नुसत्या नजरेवर सोडू नये. अंगावरचा चिकट स्राव हलक्या हाताने खरवडून तो लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. सावकाश गरगरणारा, केसाळ, गोल जीव दिसला तर तो क्रिप्टोकॅरिऑन. गोल किंवा नासपतीच्या आकाराचे, न हलणारे गडद दाणे दिसले तर तो दुसऱ्या एका परजीवीमुळे होणारा मखमली रोग. तो आधी कल्ल्यांत शिरतो, म्हणून अंगावर सोनेरी भुकटी दिसण्यापूर्वीच मासा दगावू शकतो. क्लाउनफिशच्या अंगावरून स्रावाचे पांढरट पापुद्रे सुटत असतील आणि काचपट्टीवर चपळ, घेवड्याच्या दाण्यासारखे जीव धावत असतील, तर तो ब्रूकलिनेला हा तिसराच परजीवी होय. त्यावर पाण्यात विरघळवलेले तांब्याचे औषध निरुपयोगी ठरते, फॉर्मलिन (फॉर्मल्डिहाइडचे द्रावण) लागते.

पहिल्या दोन्ही रोगांवर तांबे चालते, पण वेगळ्या, वाळू नसलेल्या टाकीतच, कारण प्रवाळाची वाळू तांबे शोषून घेते आणि कोळंबी, प्रवाळ त्याने मरतात. मुक्त (इतर कशाशी न बांधलेल्या) तांब्याचे प्रमाण लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम असावे, निदान 3 आठवडे ते त्याच पातळीत राहावे आणि दिवसातून दोनदा मोजावे. ते खाली घसरले तर पिले वाचतात, वर गेले तर माशालाच विषबाधा होते. क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचे प्रमाण, लिटरला 15-16 ग्रॅमपर्यंत उतरवण्याचा उपाय मला सौम्य वाटतो. मात्र मखमली रोग कमी क्षारतेतही टिकतो आणि क्रिप्टोकॅरिऑनचेही काही प्रकार ती सोसतात, म्हणून निदानावाचून हा उपाय करू नये.

मुख्य टाकीत या काळात एकही मासा ठेवू नये. बहुतेक कवचे आठवड्याभरात फुटत असली तरी काहींतून पिले 72 दिवसांनीही बाहेर पडल्याची नोंद आहे, म्हणून मी टाकी अडीच महिने माशांविना चालू ठेवतो आणि आतल्या कोळंबी-गोगलगायींना तेवढे खाऊ घालतो.