लष्करी वापरातून निघालेले छोटे डिझेल जनरेटर : बिघाड शोधण्याची रीत

श्रोतेहो, अमेरिकी लष्कराच्या वापरातून बाद झालेले पाच आणि दहा किलोवॅटचे डिझेल जनरेटर लिलावांतून तेथील सामान्य नागरिकांच्या हाती येतात. आजचे विवेचन त्यांच्यापुरतेच मर्यादित आहे. १९९० च्या दशकात सैन्यात दाखल झालेले एमईपी-८०२ए आणि एमईपी-८०३ए हे संच आपण मुख्यतः विचारात घेऊ. पहिला पाच किलोवॅटचा असून त्यात दोन सिलिंडर आहेत, तर दुसरा दहा किलोवॅटचा असून त्यात चार. दोन्हींचे इंजिन पाण्याने थंड होणारे आहे, ते मिनिटाला १८०० फेऱ्यांनी फिरून ६० हर्ट्झची वीज देते आणि दोन्हींची नियंत्रण-यंत्रणा २४ व्होल्टवर चालते. त्यांच्या आधीचे एमईपी-००२ए आणि ००३ए हे संच हवेने थंड होणारे होते. ते हाती आले, तर सिलिंडर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये उंदरांनी घरटे केले आहे का, एवढे आधी पाहावे. बाकीची तपासणी पुष्कळशी सारखीच आहे.

या संचांच्या मीटरवर तासांचा आकडा अनेकदा फार थोडा असतो, आणि खरेदीदार त्यावर खूश होतो. माझे मत थोडे वेगळे आहे. एवढे जाड, सावकाश फिरणारे इंजिन वापराने सहसा मरत नाही. त्याची हानी होते ती उघड्या आवारात वर्षानुवर्षे उभे राहिल्याने. डिझेलमध्ये पाणी उतरते, त्या पाण्यात सूक्ष्मजीवांचा गाळ वाढतो, रबरी नळ्या कडक होऊन तडकतात आणि कनेक्टरच्या पिनांवर गंज चढतो. म्हणून बिघाडाचा शोध इंजिनाच्या पोटात शिरून नव्हे, तर इंधन आणि २४ व्होल्टची तारजोडणी यांपासून सुरू करावा. तत्पूर्वी त्या मॉडेलची लष्करी तांत्रिक पुस्तिका मिळवावी. पाच किलोवॅटसाठी टीएम ९-६११५-६४१-२४ आणि दहा किलोवॅटसाठी टीएम ९-६११५-६४२-२४ या दुरुस्तीच्या पुस्तिकांत प्रत्येक तारेचा क्रमांक, रिलेचे (विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचचे) नाव आणि तपासणीचा क्रम दिलेला आहे. ही सोय असताना अंदाजाने सुटे भाग बदलत सुटणे म्हणजे खिशाला नाहक चाट.

पहिली तपासणी बॅटऱ्यांची. बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, आणि मीटर दोन्हींच्या टोकांवर लावला की २४.६ व्होल्ट दिसतात. आकडा समाधानकारक वाटतो; परंतु त्यांतली एक १२.९ वर आणि दुसरी ११.७ वर असू शकते, आणि सेल्फ मारताच ती दुसरी कोसळते. म्हणून प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे, आणि इंजिन सेल्फवर फिरत असताना, मोजली पाहिजे. त्याच वेळी बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये मीटर धरावा. तिथे अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर दोष सेल्फचा नसून केबलच्या टोकाचा किंवा अर्थिंगच्या बोल्टखालच्या गंजाचा आहे. एखादा दिवा किंवा चार्जर चालवण्यासाठी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट काढून घेण्याची युक्ती पुष्कळजण करतात. तिच्यामुळे दोन बॅटऱ्यांचा तोल हळूहळू बिघडतो, तेव्हा ती टाळावी.

इंजिन सेल्फवर फिरते पण पेट घेत नाही, आणि धुराड्यातून पांढरा धूरही येत नाही, तेव्हा सिलिंडरपर्यंत इंधन पोहोचलेले नाही असे समजावे. मुख्य स्विच ‘प्राइम अँड रन’ या स्थितीत ठेवून विद्युत पंपाची टकटक ऐकावी. आवाज येत नसेल, तर पंपाच्या टोकांवर व्होल्टेज आहे की नाही ते मोजावे. आवाज येत असेल, तर पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा खालचा नळ उघडून काचेच्या भांड्यात काय उतरते ते पाहावे. पाणी तळाशी बसलेले स्पष्ट दिसते. टाकी साफ न करता नुसता फिल्टर बदलला, तर तो पुन्हा तुंबणारच. त्यानंतर लाइनमधली एअर काढावी आणि इंजेक्टरच्या (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) नटापाशी लाइन थोडी सैल करून, सेल्फवर फिरवत, बुडबुड्यांविना डिझेल येते का ते पाहावे. दाबाखालच्या डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि ती जखम वरून किरकोळ दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागेल इतकी गंभीर असते. तेव्हा गळती शोधण्यासाठी बोट कधीही पुढे करू नये. ग्लो प्लग, म्हणजे सुरू करण्याआधी आतली हवा तापवणारे विद्युत प्लग, असलेल्या इंजिनात ईथरचा फवाराही मारू नये, कारण तापलेल्या प्लगवर तो भलत्याच क्षणी पेटतो.

सर्वांत जास्त गोंधळ उडवणारी तक्रार मात्र वेगळीच आहे : स्विच ‘स्टार्ट’ वर धरलेला असेपर्यंत इंजिन छान चालते आणि हात सोडताच बंद पडते. याचे कारण असे, की ‘स्टार्ट’ च्या स्थितीत तेलाच्या दाबाचे संरक्षण तात्पुरते बाजूला ठेवलेले असते आणि त्याच वेळी जनरेटरच्या फील्डला (चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वेटोळ्याला) बॅटरीतून प्रारंभिक प्रवाह दिला जातो. हात सोडला की संरक्षणे जागी होतात. म्हणून पहिला प्रश्न स्विच फार लवकर तर सोडला नाही ना, हा. तेलाचा दाब सुमारे २५ पीएसआयपर्यंत चढेपर्यंत, व्होल्टेज नियत आकड्याजवळ येईपर्यंत आणि वेग स्थिर होईपर्यंत तो धरून ठेवायचा असतो. एवढे करूनही इंजिन बंद पडले, तर बिघाड दाखवणाऱ्या फलकावर कोणता दिवा लागला ते पाहावे. मात्र आधी चाचणीचे बटण दाबून सगळे दिवे पेटतात याची खात्री करून घ्यावी. तेलाचा दिवा लागला आणि काटा मात्र ४० वर असेल, तर काट्याचा सेन्सर व बंद पाडणारा स्विच हे दोन वेगळे भाग आहेत हे ध्यानात घ्यावे. दोष बहुधा त्या स्विचमध्ये किंवा त्याच्या तारेत सापडतो. कोणताच दिवा लागला नाही, तर रिलेचे संपर्क आणि इंधनाचा सोलेनॉइड (इंधन चालू-बंद करणारा विद्युतचुंबक) तपासावा. अशा सोलेनॉइडमध्ये ओढून घेणारी आणि धरून ठेवणारी अशा दोन गुंडाळ्या असतात. दांड्याची जुळणी चुकून तो पुरता आत गेला नाही, तर ओढणारी गुंडाळी चालूच राहून जळते. नवा सोलेनॉइड बसवून जुळणी तशीच ठेवणारा माणूस लवकरच तिसरा सोलेनॉइड शोधत फिरतो.

फलकावर ‘बॅटल शॉर्ट’ नावाचा झाकण लावलेला स्विच असतो. तो बहुतेक संरक्षणे निकामी करून संच चालूच ठेवतो. वीज जाण्यापेक्षा इंजिन गेलेले परवडेल, अशा रणांगणावरच्या प्रसंगासाठी तो आहे. बिघाड लपवून घरचे दिवे चालू ठेवण्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

विजेच्या बाजूकडे वळू. फलकावरचा व्होल्टमीटर कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे लोड जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या, अलीकडचे व्होल्टेज दाखवतो. तेव्हा मीटरवर २४० आहे आणि लोडच्या टर्मिनलवर काहीच नाही, तर जनरेटर निर्दोष असून दोष कॉन्टॅक्टरकडे आहे. मीटरही शून्यावर असेल, तर स्वतःच्या मल्टिमीटरने खात्री करून मग फील्डला प्रारंभिक प्रवाह मिळतो का, व्होल्टेज रेग्युलेटर जागा आहे का आणि फिरत्या रेक्टिफायरचे (एसीचे डीसी करणाऱ्या भागाचे) डायोड एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतात का, हे याच क्रमाने पाहावे. दमट जागी पडून राहिलेल्या संचाच्या वेटोळ्यांचे इन्सुलेशन मेगरने (उच्च व्होल्टेज लावून इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) मोजण्यापूर्वी रेग्युलेटर सोडवून ठेवावा, नाहीतर मोजणीतच तो जाईल.

शेवटची परीक्षा लोडवर. हलक्या लोडवर फार काळ चाललेल्या डिझेल इंजिनात अर्धवट जळलेले इंधन साचते आणि धुराड्याच्या सांध्यांतून काळा, तेलकट ओघळ येतो. दहा किलोवॅटच्या संचावर हीटरांसारखे सात-आठ किलोवॅटचे लोड काही तास ठेवले, तर धुराडे पुरेसे तापून तो साचलेला थर बहुधा जळून जातो. लोडविना ६० हर्ट्झहून थोडी वर असलेली वारंवारता लोड चढताच किंचित उतरते, आणि यांत्रिक गव्हर्नरच्या (वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) बाबतीत हे स्वाभाविकच आहे. पण ती ५८ च्या खाली गेली, तर गव्हर्नरला हात लावण्याआधी फिल्टर आणि इंधनाचा पुरवठा पाहावा. घराच्या वायरिंगला संच जोडताना ट्रान्स्फर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरला यांपैकी एकालाच जोडणारा स्विच, हवाच. त्याशिवाय वीज उलटी लाइनवर जाऊन तिथे काम करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. शिवाय या संचांत न्यूट्रलचे एल-० टर्मिनल आणि अर्थ यांना जोडणारी पट्टी असते, आणि घराच्या मुख्य पॅनेलमध्येही न्यूट्रल अर्थला जोडलेला असतो. ट्रान्स्फर स्विच न्यूट्रल तोडणारा नसेल, तर ही जोडणी दोन ठिकाणी होऊन अर्थच्या तारेतून प्रवाह वाहू लागतो. तेव्हा ती पट्टी ठेवायची की काढायची, हे ट्रान्स्फर स्विचचा प्रकार पाहून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच ठरवून घ्यावे.